मासा बिमार आहे

नामदेव चरपे बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघत नाहीत. गळ्याकडे बघतात. आपण हात जोडून 'नमस्कार काका' म्हणावं, तर त्यांची नजर आपल्या हनुवटीखाली कुठेतरी जाऊन बसलेली असते. नवखा माणूस गडबडतो. पुरुष शर्टाचं वरचं बटण लावून घेतात, बायका मंगळसूत्र जागेवर आहे ना ते चाचपतात. तोवर काकांचं बघून झालेलं असतं. मग ते म्हणतात, "श्वास वरवरून चालू आहे तुमचा. जिना धावत चढले काय?"

आम्ही मनीषनगरच्या या इमारतीत राहायला आलो त्या दिवशी आमची पहिली भेट झाली, तीही अशीच. ऐन एप्रिल. खाली सामानाचा टेम्पो उभा आणि मी पृथ्वीचा गोल छातीशी धरून जिना चढतोय. मी शाळेत भूगोल शिकवतो. तो गोल भांड्याकुंड्यांत टाकायला माझं मन होत नव्हतं. समोरच्या दारात बनियन-पायजम्यातला एक उंच, वाळका माणूस उभा होता. त्याने आधी माझा गळा बघितला, मग पृथ्वी.

"मास्तर काय?"

"हो."

"मास्तर, ते कपाट मग चढवा. आधी त्या टेम्पोवाल्याले पाणी पाजा. रंग उतरून राहिला त्याचा."

मी कठड्यावरून खाली वाकून बघितलं. टेम्पोवाला खरोखरच चाकाला टेकून बसला होता. त्याला गूळपाणी दिलं, सावलीत बसवलं, तेव्हा कुठे त्याच्या चेहऱ्यावर तरतरी आली. माझी बायको वैशाली खूश झाली. म्हणाली, "बरं झालं, शेजारी डॉक्टर आहेत." दुसऱ्या दिवशी कळलं, की शेजारी डॉक्टर नाहीत. शेजाऱ्यांकडे मासे आहेत.

तसे नागपुरात घरी मासे पाळणारे पुष्कळ. पण काकांचे मासे समुद्रातले. देशाच्या नकाशावर दोन्ही किनाऱ्यांच्या मधोमध असलेलं मोठं शहर दाखवा म्हटलं, तर माझ्या वर्गातली पोरं डोळे मिटून नागपूरवर बोट ठेवतील. आणि माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक माणूस प्लास्टिकच्या टाकीत लाकडी दांड्याने समुद्र ढवळत बसलेला. गाळून शुद्ध केलेलं पाणी, त्यात या माशांसाठी मिळतं ते खास मीठ, आणि खारटपणा मोजायची एक काचेची नळी. इमारतीतल्या एका बाईंनी त्यांना सुचवून बघितलं होतं, "काका, एवढं मीठ विकत कशाला आणता? घरचंच टाका ना." काका ढवळता ढवळता म्हणाले, "त्यानं वरण होते बाई. समुद्र नाही होत."

त्यांच्या हॉलमध्ये सोफा नव्हता. जिथे सोफा असायचा तिथे मोठी टाकी, तिच्या पोटात दगड, दगडांवर जांभळट शेवाळ, आणि त्यातून निळे, पिवळे, काळ्या पट्ट्यांचे मासे. मे महिन्यात घरोघरी कूलर माणसांकडे तोंड करून असतात. काकांचा कूलर टाकीकडे तोंड करून असे. लाइट गेली की इन्व्हर्टरवर टाकीचे पंप चालत, पंखा नाही. काका खांद्यावर ओला पंचा टाकून स्टुलावर बसत.

"काका, एखादा पंखा तरी जोडा ना त्याच्यावर."

"पाणी तापलं का मासा मरते, मास्तर. माह्यं काय? मी नरखेडचा आहे."

नरखेड तालुक्यातच त्यांची सगळी नोकरी गेली. कृषी खात्यात होते. काम म्हणजे संत्र्या-मोसंबीच्या बागांतून मोटारसायकलवर हिंडायचं आणि झाडं बघायची. खोडातून डिंक गळायला लागला की तो डिंक्या. पानं काळी पडली, काजळी धरल्यासारखी, की ती कोळशी. शेतकरी सांगत, "साहेब, बाग चांगली आहे." साहेब म्हणत, "पान उलटून पाहू." रोग पानाच्या खालच्या अंगाला आधी येतो, म्हणे. ही सवय त्यांच्या बोटांना इतकी लागली, की हातात येईल ते काका आधी उलटून बघतात. लग्नपत्रिका उलटून बघतात. वैशालीने ताटात वाढलेली पोळीसुद्धा उलटून बघतात. पहिल्यांदा तिला राग आला. काका ओशाळून म्हणाले, "सवय आहे वं पोरी. पोळीत काही नाही."

मासे त्यांच्या आयुष्यात आले निवृत्तीनंतर. सीताबर्डीत कशाला तरी गेले होते, तर एका दुकानात हे रंगीत मासे दिसले. दुकानदार म्हणाला, हे शोभेचे आहेत, दवाखाने-हॉटेलवाले नेतात, पण नागपुरात टिकत नाहीत. नवा मासा आणला की थोड्याच दिवसांत जातो.

"काहून जाते?" काकांनी विचारलं.

"जातो. नशीब एकेकाचं."

'नशीब' हा शब्द काकांनी बागेबागेत ऐकला होता आणि नोकरीभर त्याच्याशी भांडले होते. त्यांनी तिथल्या तिथे एक मासा घेतला.

मोठ्या टाकीशेजारी एक लहान टाकी होती. तिला ते 'नर्सरी' म्हणत. बाहेरून आणलेली कलमं बागेत लावण्याआधी वेगळी ठेवून बघतात, तसा नवा मासा आधी नर्सरीत. तिथे तो कितीतरी आठवडे राहायचा, आणि तिच्यापुढे स्टूल टाकून काका. मी संध्याकाळी शाळेतून आलो की मलाही बोलवत. दुसऱ्या स्टुलावर बसवून माझी शिकवणी चाले.

"पाहा मास्तर. मासा बोलत नाही. अन् बिमारी तर लपवूनच ठेवते. कमजोर दिसला का दुसरा येऊन खाते त्याले. म्हणून आपण पाहाचं. कल्ले पाहा पहिले. उघडझाप जोरात होऊन राहिली का? मंग पंख. पसरले आहेत, का छत्री मिटल्यावानी अंगाले चिकटले?"

"पसरलेत."

"बरं. अंगावर रव्यासारखे दाणे?"

"नाहीत."

"बॅटरी आडवी धरा. समोरून काय दिसते? आडवी धरा. आता?"

"नाहीत हो काका."

"गोट्याले अंग घासून राहिला का?"

मी बघत बसे. मासा घासत नसे. काका सुस्कारा सोडत. तो सुटकेचा होता की निराशेचा, हे मला बरेच दिवस कळलं नाही.

हीच नजर ते माणसांवर लावत आणि गंमत म्हणजे ती लागू पडे. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींच्या मुलीचं लग्न भर उन्हाळ्यात होतं. नवरदेव जाड शेरवानीत, वर घट्ट फेटा, समोर अंतरपाट. मंगलाष्टकं चालू. मी हातात अक्षता घेऊन उभा, शेजारी काका. त्यांची नजर नवरदेवाच्या गळ्यावर.

"मास्तर," ते माझ्या कानात म्हणाले, "पोट्टा जाऊन राहिला."

"कुठे?"

"खाली."

आणि पुढच्या 'सावधान'ला नवरदेव खरोखरच खाली गेला. काका आधीच मांडवातून वाट काढत पोचले होते. फेटा सोडला, बटणं उघडली, पंच्याने वारा घातला. थोड्या वेळाने लग्न लागलं, जेवणं झाली, सगळं नीट पार पडलं. फक्त अल्बमात हार घालतानाच्या फोटोमध्ये नवरदेवाच्या कपाळावर काकांचा ओला रुमाल आहे. आणि फोटोच्या कडेला काका आहेत, वराच्या गळ्याकडे बघणारे.

असा हा माणूस त्या फ्लॅटमध्ये एकटा राहत होता. बायको होती. सुमनकाकू. त्या पुण्याला मुलीकडे होत्या.

भांडणबिंडण काही नाही. मुलीचं बाळंतपण करायला म्हणून गेल्या. बाळ मान धरू लागलं की येते, म्हणाल्या. मग बाळ चालू लागलं की येते. मग शाळेत घातलं की. शाळेत घालायच्या सुमारास दुसरं बाळ झालं. मुलगी नोकरी करते, जावई घरूनच काम करतो, मुलांना बघायला कोणी नाही. कोणाचंच काही चुकत नव्हतं. काकाही मधून पुण्याला जाऊन आले. तिकडे हॉलमध्ये गादी घालून झोपायचे. दिवसा जावयाच्या मीटिंग चालत, तेव्हा जिन्यात जाऊन बसायचे. परत आले ते म्हणाले, "तिले काम आहे तिकडं. पोरं आहेत, स्वयंपाक आहे. मले काय आहे? तिथं माह्यासाठी पाहाले काही नाही मास्तर."

संध्याकाळी काकूंचा व्हिडिओ कॉल येई. उन्हाळ्यात आमची दोन्ही दारं वाऱ्यासाठी उघडीच असत, त्यामुळे नको म्हटलं तरी ऐकू येई. काका फोन मिठाच्या डब्याला टेकवून ठेवत आणि मोठ्याने बोलत, पुणं लांब असल्यासारखे.

"आइकून राहिली का? नवा मासा बिमार दिसते."

"अगं बाई! काय झालं त्याले?"

"डोळा धुरकट झाला."

"एक का दोन्ही?"

"डावा. अन् कोपऱ्यात जाऊन बसते. भिंतीकडं तोंड करून."

"खाऊन राहिला का?"

"तोंडात घेते अन् थुकून देते."

"मंग पाणी बदलून पाहा ना थोडं. मागच्या बारीले पाणी बदललं तं बरा झाला होता."

असं बराच वेळ चाले. पंख, कल्ले, रंग. काकू बारीकसारीक विचारत, काका दाखवत. कधी फोन काचेला लावत. मी वैशालीला म्हणायचो, या माणसाच्या नशिबी एकही धड मासा नाही. प्रत्येक नव्या माशाला आल्या आल्या काही ना काही होतंच. आणि तरी गंमत अशी, की त्यांचा मासा मेल्याचं काही आम्ही ऐकलं नव्हतं.

पुढे एका उन्हाळ्यात काका पुतण्याच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, गावी गेले. रात्री मुक्काम, दुसऱ्या दिवशी परत. जाताना किल्ली माझ्याकडे दिली. मोठ्या टाकीत चिमूटभर खाणं, नर्सरीत त्याहून कमी, लाइट गेली तर पंप चालू आहे का बघायचं. नर्सरीत एक पिवळाधमक मासा होता. आदल्याच संध्याकाळी त्याच्या शेपटीवर डाग पडल्याचं मी दारातून ऐकलं होतं.

मी खाणं टाकलं. पिवळा मासा झेप घेऊन वर आला, सगळं फस्त केलं आणि आणखी हवं म्हणून काचेवर तोंड आपटू लागला. मी बॅटरी आडवी धरली. शेपटी स्वच्छ. पंख पसरलेले. श्वास संथ. वर्गातला सगळ्यात उनाड पोरगा असतो तसा तो तब्येतीने ठणठणीत होता.

तेवढ्यात माझा फोन वाजला. सुमनकाकू. काकांचा फोन गावात लागत नव्हता, म्हणून त्यांनी मला केला होता. नीट पोचले का, एवढंच विचारायचं होतं. मी म्हटलं, पोचले असतील. आणि उत्साहाने पुढे सांगितलं, "अन् काकू, आनंदाची बातमी आहे. तो पिवळा मासा एकदम ठणठणीत झाला! शेपटीवर डागसुद्धा नाही."

 काकूंच्या मागे एक मूल काहीतरी आपटत होतं.

"नसंनच डाग," काकू म्हणाल्या.

"म्हणजे?"

"मास्तर, मले माहीत आहे. त्यायचे मासे काही बिमारबिमार नसतात." त्यांनी आवाज खाली आणला. "पहिला मासा आणला होता तो खरंच बिमार होता. तवा आम्ही रोज किती बोलत होतो! याचं काय, त्याचं काय. मंग तो बरा झाला. मंग पुन्हा आमचं आपलं 'जेवले का', 'जेवलो', 'तू जेवली का', 'हो'. झालं. ठेवू का? ठेव. एवढंच. मंग दुसरा मासा आणला त्यायनं, अन् तो आला तसा बिमार."

मी हातातली बॅटरी बंद केली.

"मी विचारते ना एक का दोन्ही डोळे, तवा ते विचार करून सांगतात. डावा म्हणतात. मले मजा वाटते." त्या थोडंसं हसल्या. "तुम्ही त्यायले सांगू नका बरं, मी असं बोलली म्हणून."

मी कबूल केलं. दुसऱ्या दिवशी काका आले, पिशवी खाली ठेवायच्या आधी नर्सरीपाशी गेले आणि मला विचारलं, "काही वाटलं का, मास्तर?"

मी म्हटलं, "शेपटीकडे जरा वाटलं मला. पण बॅटरी नीट धरता आली नाही."

काकांचा चेहरा उजळला. "वाटलंच मले," ते म्हणाले.

दिवाळीत सुमनकाकू आल्या. मुलगी-जावई सुट्टी घेऊन घरी होते म्हणून चार दिवस सवड मिळाली. ठेंगणी, गोल चेहऱ्याची, भराभर चालणारी बाई. आल्या आल्या त्यांनी फ्लॅट झाडून काढला, चिवडा केला, काकांच्या बनियनी उन्हात टाकल्या. कूलर टाकीपुढून उचलून माळ्यावर ठेवायला लावला. थंडी सुरू झाली होती, तरी काकांना तो तिथेच बरा वाटत होता.

एका सकाळी दोघं तर्री-पोहे खायला म्हणून सीताबर्डीत गेली आणि येताना पाण्याने फुगवलेली पिशवी घेऊन आली. आत एक इवलासा मासा. अंगभर नारिंगी रंग, त्यावर पांढरे पट्टे. काकूंनीच पसंत केला होता. जिन्यातच मला पिशवी दाखवून म्हणाल्या, "पाहा ना मास्तर, सोललेल्या संत्र्यावानी दिसते की नाही? मी तं नाव बी ठेवून टाकलं. संत्र्या."

काका मागे उभे होते. त्या वेळी ते कोणाच्याही गळ्याकडे बघत नव्हते. बायकोच्या तोंडाकडे बघत होते.

दोन दिवसांनी काकू परत गेल्या. मी स्टेशनवरून येताना काकांबरोबर होतो.  मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "संत्र्या काय म्हणतोय नर्सरीत?"

"नर्सरीत नाही," काका म्हणाले. "मोठ्या टाकीत आहे."

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. आठवडेच्या आठवडे नर्सरीत पारखल्याशिवाय ज्यांनी एक मासा कधी मोठ्या टाकीत सोडला नव्हता, तेच हे काका.

"तिले त्याले मोठ्या टाकीत फिरताना पाहाचं होतं, जायच्या आधी," ते म्हणाले. "नर्सरीत ठेवला असता तं कधी पाहिला असता तिनं?"

थंडी चांगली पडली होती तेव्हाची गोष्ट. एका रविवारी सकाळी काकांनी दार वाजवलं. अंगात उलटा स्वेटर. "मास्तर, जरा बॅटरी धरा," एवढंच म्हणाले.

मी बॅटरी आडवी धरली. संत्र्याच्या अंगावर रव्यासारखे दाणे होते. पांढरे, स्पष्ट, पंखांवरसुद्धा. कल्ले भराभर हलत होते. तो पंपाच्या धारेखाली जाऊन उभा राहिला होता, तिथे हवा जास्त मिळते म्हणून. पंख मिटलेले. आणि शेजारचा निळा मासा येऊन दगडाला अंग घासून गेला.

काकांनी इतकी वर्षं मला शिकवलेलं सगळं एका टाकीत एकदम दिसत होतं. मला वाटलं होतं, खरी वेळ आली की ते गडबडतील. तसं झालं नाही. त्यांचे हात फार शांत होते. सगळे मासे जाळीने काढून नर्सरीत घेतले, तिच्यात औषध मोजून टाकलं. "तांबं आहे याच्यात," ते म्हणाले. "डिंक्यासाठी खोडाले मोरचूद लावत होतो आम्ही, तेही तांबंच. पण झाड मोठं असते. मार सोसते." रोज सकाळ-संध्याकाळ थोडं पाणी काढायचं, नवं घालायचं. ती नर्सरी एवढ्या माशांना पुरण्यासारखी नव्हती. काकांनी, पाहुणे आले की गादी मागून आणावी तसा, शेजारपाजारचा एक जुना काचेचा डबा मागून आणला, त्यात निम्मे मासे हलवले. तरी एकेक जात राहिला. पिवळा गेला. काळ्या पट्ट्यांचे दोन गेले. काका त्यांना कागदात गुंडाळून गच्चीवरच्या कुंडीत पुरून येत. वर जाताना आणि खाली येताना कोणाशी बोलत नसत.

संध्याकाळी फोन येई. थंडीमुळे आता दारं बंद असत, पण मी बॅटरी धरायला तिथेच असायचो.

"कसा आहे आपला संत्र्या?" काकू विचारत.

"बरा आहे."

"खाऊन राहिला का?"

"हो."

"डोळे, पंख, सगळं बरं?"

"सगळं बरं आहे. ठेवू का?"

फोन ठेवल्यावर एकदा मी म्हटलं, "काका, सांगा ना काकूंना. त्यांना ठाऊक असतं तर..."

"काय सांगू?" ते पहिल्यांदाच माझ्यावर चिडले. "तिनं पाहाचं म्हटलं म्हणून सोडला मी त्याले. तिले सांगू का, तू चार दिवस आली अन् तुह्या मागून टाकी मेली? पुन्हा कधी काही मागंन का ती?" मग म्हणाले, "तुम्हीही सांगू नका, मास्तर."

मी तेही कबूल केलं. बायकोला दिलेला शब्द एका खिशात, नवऱ्याला दिलेला दुसऱ्या.

दोन-चार दिवसांनी मी शाळेत असताना काकूंचा फोन आला. मधली सुट्टी होती, मी व्हरांड्यात जाऊन घेतला.

"मास्तर, काय झालं तिकडं?"

"कुठे काय, काकू?"

"रोज म्हणून राहिले, मासा बरा आहे. इतक्या वर्षांत त्यायचा एक मासा बरा नव्हता. आता रोजच बरा. काहून?"

 खोटं बोलायचं म्हटलं असतं तरी जमलं नसतं. समोर ग्राउंडवर पोरं ओरडत होती.

"समजलं," काकू म्हणाल्या.  मग विचारलं, "अन् ते? जेवून राहिले का?"

मी विचार केला आणि लक्षात आलं, की मी बॅटरी घेऊन रोज माशांकडे बघत होतो, काकांकडे नाही. त्यांचा स्वेटर उलटा होता तो त्या रविवारपासून उलटाच होता. स्वयंपाकघराचा दिवा कधी लागलेला मला आठवेना.

"नाही वाटत," मी म्हटलं.

"वैशालीले फोन देता का घरी गेल्यावर?" एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

संत्र्या त्याच दिवशी दुपारी गेला. मी संध्याकाळी पोचलो तेव्हा काका गच्चीवरून खाली आले होते. हाताला कुंडीची माती होती. निळा मासा आणि आणखी मोजके वाचले होते. औषध त्यांना लागू पडलं होतं, दाणे कमी झाले होते. काका ते मला दाखवत होते, बोटाने, न बोलता. वैशालीने दिलेला डबा मी डायनिंग टेबलावर ठेवला. गरम भाकरी, पिठलं, ठेचा. ती काकूंशी बरंच बोलली होती. काय, ते तिने मला सांगितलं नाही.

फोन वाजला. काकांनी तो मिठाच्या डब्याला टेकवला आणि स्टुलावर बसले. पडद्यावर काकू जमिनीवर बसलेल्या दिसत होत्या, पुढ्यात वर्तमानपत्रावर मेथीची जुडी.

"कसा आहे?" काकू म्हणाल्या. नाव घेतलं नाही.

"बरा आहे," काका म्हणाले.

"बरं."

आता फोन ठेवायचा. रोज असंच होई. काकांनी हातसुद्धा पुढे केला.

"राहू द्या," काकू म्हणाल्या. "ठेवू नका."

"काहून?"

"काहून म्हणजे? मी मेथी निवडून राहिली. राहू द्या तसाच चालू. डबा आला ना वैशालीचा? खा. गार होईल."

काका फोनकडे बघत राहिले. मग उठून टेबलापाशी गेले, डबा उघडला, भाकरी घेतली आणि स्टुलावर येऊन फोनसमोर बसले. उलटून न बघताच त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. काकूंनी वर बघितलं नाही. त्या एकेक काडी उचलत होत्या, पानं खुडत होत्या. मागून एक छोटी मुलगी धावत आली, पडद्यात डोकावली आणि पळून गेली.

मी दार ओढून घेतलं आणि जिन्यात चपला घालायला उभा राहिलो. आतून टाकीतल्या पंपाचा आवाज येत होता. बाकी कोणीच काही बोलत नव्हतं. फोनही कोणी ठेवत नव्हतं.